प्रेमापोटी मुद्दाम हरावे काय?



विवाहपूर्व शिबिरात आम्हांला पुष्कळ गोष्टी शिकवण्यात आल्या. संवाद, पैशांचे नियोजन, सासर-माहेर, मुलांचे संगोपन. परंतु नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला एखादी अवघड गोष्ट शिकवायची वेळ आली तर काय करावे, हे कुणी सांगितले नव्हते. लग्नाला अकरा वर्षे झाल्यावर ही उणीव आमच्या ध्यानात आली, आणि तीही चक्क एका पत्त्यांच्या खेळामुळे! हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. जिथे आमचे एकमत झाले नाही, तिथे ते झाल्याचे दाखवलेले नाही.

पत्ते म्हटले की आपल्याकडे रमी, मेंढीकोट, लग्नघरी मांडवात पहाटेपर्यंत रंगणारे डाव. हा खेळ निराळा आहे. 'मॅजिक: द गॅदरिंग' हे त्याचे नाव. रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाने तो रचला आणि १९९३ साली 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने तो बाजारात आणला. यात बावन्न पत्त्यांचा ठरलेला कॅट नसतो. आजवर पंचवीस हजारांहून अधिक वेगवेगळे पत्ते छापले गेले आहेत. त्यांतले निदान साठ निवडून ज्याने त्याने आपला कॅट बांधायचा. प्रत्येकाकडे सुरुवातीला वीस गुण असतात. ज्याचे शून्य होतात तो हरला. हातात सात पत्ते. दर पाळीला जमिनीचा एक पत्ता मांडता येतो, तो आडवा केला की शक्ती मिळते आणि त्या शक्तीवर प्राणी उतरवायचे किंवा मंत्र टाकायचे. नियमांचे अधिकृत पुस्तक अडीचशे पानांच्या वर आहे. एवढे करून पत्त्यावर छापलेली ओळ नियमाच्या विरुद्ध गेली, तर पत्त्याचे खरे धरायचे! २०१९ साली तिघा संशोधकांनी एक निबंध लिहून दाखवून दिले की, या खेळातले पत्ते ठरावीक रीतीने मांडले तर संगणकाला जे जे गणित करता येते ते सर्व या पत्त्यांतून मांडता येते. खेळ किती गुंतागुंतीचा आहे, हे यावरून कळावे.

मंत्र आणि राक्षस हे शब्द ऐकून आमच्या आईंनी "हे भुताखेतांचं काही नाही ना?" असे विचारलेच. नव्वदच्या दशकात अमेरिकेतही काही पालकांनी अशी हरकत घेतली होती. आम्ही आईंना पत्ते दाखवले. परीकथेतली चित्रे पाहून त्यांचे समाधान झाले. या पत्त्यांपायी पैसे किती जाऊ शकतात हे मात्र आम्ही त्यांना सांगितले नाही. आम्ही स्वतः दोन तयार कॅटांवरच थांबलो आहोत, आणि तिथेच थांबायचे असे ठरवले आहे.

मोठ्या माणसांनी खेळावे काय, हा प्रश्न संत थॉमस अक्वायनस यांनी फार पूर्वी सोडवून ठेवला आहे. धनुष्याची दोरी सतत ताणलेली राहिली तर धनुष्य मोडते, ही संत योहानाच्या नावाने सांगितली जाणारी गोष्ट त्यांनी आपल्या ग्रंथात घेतली आहे. जो स्वतः कधी हसत-खेळत नाही आणि दुसऱ्यांनाही खेळू देत नाही, त्याचेही चुकते असे ते म्हणतात. तेव्हा रविवारी संध्याकाळी, जपमाळ झाल्यावर, मुलगी झोपली की आम्ही पत्ते काढू लागलो.

आमच्यातला एक जण बंगळूरला नोकरी करीत असताना हा खेळ शिकला होता. दुसरी शाळेत गणित शिकवते. पहिल्या संध्याकाळी त्याने दोन तास नियम सांगितले. एका मंत्रावर दुसरा मंत्र कसा टाकायचा, आणि मग ताटांच्या चळतीतले वरचे ताट आधी उचलावे तसा शेवटी टाकलेला मंत्र आधी कसा लागू होतो, इथपर्यंत आल्यावर तिला जांभई आली. अखेरच्या भोजनाच्या रात्री प्रभू येशूने शिष्यांना सांगितले होते की, सांगायचे अजून पुष्कळ आहे, पण आत्ता ते तुम्हांला पेलणार नाही. योहानाच्या शुभवर्तमानातले ते वचन आम्ही कितीदा ऐकले असेल, पण ते उत्तम शिक्षकाचे लक्षण आहे हे त्या जांभईने दाखवले.

दुसऱ्या रविवारी दोघांनी पत्ते उघडे ठेवून खेळायचे ठरले. आता तो प्रत्येक पाळीला बोट दाखवू लागला. "तो नको, हा टाक. आत्ता नको, पुढच्या पाळीला." ती म्हणाली, "मग तूच खेळ ना दोन्ही बाजूंनी. माझे हात कशाला हवेत?" नंतर तिने आणखी एक वाक्य सांगितले, ते संसारातही आम्ही बरेचदा एकमेकांना ऐकवतो: "वर्गात मुलगा फळ्यावर चुकीचं गणित करत असला, तरी मी त्याच्या हातातला खडू काढून घेत नाही."

त्याने खडू सोडला. आणि मग, प्रेमापोटीच, एक वेगळी गोष्ट केली. तो मुद्दाम हरू लागला.

तीन रविवार ती जिंकली. या खेळात आपण समोरच्या खेळाडूवर हल्ला करतो, आणि आपल्या कोणत्या प्राण्याला कोणी अडवायचे ते समोरचा ठरवतो. हे नवशिक्याला फार उलटे वाटते. ते तिला जमू लागले होते, म्हणून तिला आपला विजय खराच वाटला. तिने शाळेत सहकारी शिक्षिकांनाही सांगितले. तिसऱ्या रविवारी डाव आटोपल्यावर पत्ते गोळा करताना तिने त्याच्या हातातले उरलेले पत्ते सहज उलटले. त्यात 'लाइटनिंग बोल्ट' होता. हा या खेळातला सर्वांत प्रसिद्ध पत्त्यांपैकी एक. लाल रंगाची एक शक्ती खर्च केली की समोरच्याचे तीन गुण जातात. शेवटच्या दोन पाळ्या तिचे तीनच गुण उरले होते. त्याच्यासमोर लाल जमिनीचा पत्ता उभाच होता. गणिताच्या शिक्षिकेला आणखी काही सांगावे लागले नाही.

ती रागावली नाही, गप्प झाली. ते अधिक कठीण होते. मग म्हणाली, "मुलीला साप-शिडीत जिंकू देतोस, तसं मला जिंकू दिलंस."

त्यानंतरच्या दोन रविवारी तो पूर्ण जोर लावून खेळला. "तुलाच खरं हवं होतं ना?" ती सात डाव हरली, तेही बहुतेक पाचव्या-सहाव्या पाळीच्या आत. पत्त्यांचा डबा कपाटावर गेला. हा दुसरा प्रकार प्रामाणिक होता खरा. पण त्या प्रामाणिकपणात थोडा सूडही होता, हे त्याने पुढे कबूल केले.

डबा कपाटावर असताना आमचा खरा वाद झाला. मुद्दाम हरणे म्हणजे खोटे बोलणे होय काय?

त्याचे म्हणणे असे, की तोंडाने तो एक शब्दही खोटे बोलला नव्हता. शिवाय या खेळात फसवणूक असतेच. हातात काही नसताना जमीन उभी ठेवून मंत्र असल्याची बतावणी सगळेच करतात. यावर तिने सांगितले की, ती बतावणी दोघांना मान्य असते. ती कळली तरी कुणाला वाईट वाटत नाही. पण समोरचा जिंकण्याचा प्रयत्न करीत आहे, एवढे तरी दोघांनी धरलेलेच असते. तेच खोटे निघाले, तर तो डाव राहतच नाही. हे त्याला पटले.

मग त्याने शुभवर्तमान काढले. एम्माऊसच्या वाटेवर, गाव जवळ आल्यावर, येशूने आपण पुढे जात असल्यासारखे दाखवले, असे संत लूक लिहितो. प्रभूनेच बतावणी केली नाही काय? हा प्रश्न आमच्या डोक्यातून निघालेला नाही. संत ऑगस्टीन यांनी असत्याविषयी दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले. कुणाचा जीव वाचवायलाही खोटे बोलू नये, इतके ते कडक होते. त्यांनासुद्धा एम्माऊसच्या प्रसंगाला उत्तर द्यावे लागले. प्रत्येक बतावणी लबाडी नसते, असे ते म्हणतात. जिच्यातून काही खरे सूचित होते ती लबाडी नव्हे. संत थॉमस यांनी हे उत्तर पुढे स्वीकारले. आम्हांला ते असे समजले: येशू पुढे निघाल्यासारखे करतो म्हणूनच त्या दोघांना त्याला "थांब" म्हणण्याची संधी मिळते. आमंत्रण त्यांचे स्वतःचे होते, खरे होते. तिच्या तीन विजयांत तिचे स्वतःचे काय होते?

त्याच्याकडे आणखी एक बाण होता. "मुलीला सायकल शिकवताना तू काय म्हणत होतीस? धरलंय, धरलंय! आणि हात केव्हाच सोडला होतास." ती क्षणभर अडखळली. मग म्हणाली, "पण सायकल तिनेच चालवली. ते खरंच झालं. मी मात्र जिंकलेच नव्हते." हा भेद आम्हांला मोलाचा वाटतो. तरी प्रश्न मिटला असे आम्ही म्हणणार नाही. संत थॉमस असत्याचे तीन प्रकार करतात: मौजेखातर, कुणाच्या सोयीखातर आणि अपाय करण्यासाठी. पहिले दोन सौम्य असले तरी ते पापच, असे त्यांचे मत आहे. म्हणजे "धरलंय" हेही त्यांच्या हिशेबी असत्यच ठरते. त्याला ते मान्य आहे. तिला नाही, आणि उद्या दुसऱ्या मुलाला सायकल शिकवायची झाली तर ती पुन्हा "धरलंय" म्हणेल!

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबावर लिहिलेल्या 'अमोरिस लेतिसिया' या प्रबोधनपत्रात संत पौलाच्या प्रेमस्तोत्रावर सविस्तर विवेचन आहे. प्रीतीची लक्षणे सांगताना पौल सहनशीलतेपाशी थांबत नाही. प्रीतीला सत्याबरोबर आनंद होतो, हेही तो सांगतो. आम्ही पहिले लक्षण पाळायला गेलो आणि पुढचे विसरलो. पण तेवढ्याने 'मग करायचे काय?' याचे उत्तर मिळत नव्हते. ज्याला येते त्याने जिला येत नाही तिच्यासाठी खाली उतरायचे तर आहेच. मग खोटे न बोलता उतरायचे कसे?

नाताळाच्या दिवसांत त्याला एक विचार सुचला. आरंभीच्या ख्रिस्तसभेत काही लोक म्हणत, की येशू खरा माणूस झालाच नाही. तो माणसासारखा दिसला, भुकेला व दुःखी असल्याचे त्याने भासवले. अंत्युखियाचे संत इग्नाती हौतात्म्यासाठी रोमला नेले जात असताना वाटेवरून पत्रे लिहून या शिकवणीविरुद्ध लोकांना सावध करीत होते. ४५१ साली कॅल्सिडॉनच्या धर्मसभेने ख्रिस्त खरा देव आणि खरा मनुष्य असल्याचे ठामपणे मांडले. संत लूक तर बाळ येशू ज्ञानाने वाढत गेला असे लिहितो. देव खाली आला तो देखावा करून नव्हे. तो खरोखर दमला, खरोखर रडला. आणि हा आमचा नवरा तीन रविवार दुबळेपणाचा भास करीत बसला होता! (एवढ्या मोठ्या गूढाची तुलना पत्त्यांशी केल्याबद्दल धर्मगुरूंनी आम्हांला क्षमा करावी.)

म्हणून आता आम्ही असे करतो. त्याचा वर्षानुवर्षे सरावाचा लाल कॅट तिने घ्यायचा. त्याने हिरवा-निळा कॅट घ्यायचा, ज्यातले निम्मे पत्ते त्याला पाठ नाहीत. सुरुवातीला तिचे गुण वीस, त्याचे चौदा. हे सारे उघडपणे, पत्ते पिसण्याआधी ठरते. त्यानंतर मात्र दोघांनीही पूर्ण ताकदीने खेळायचे. तो खरोखरच चुकतो, पत्ता डोळ्यांजवळ धरून बारीक अक्षरे वाचतो, आणि "हा नियम असा आहे का?" असे तिला विचारतो. ती जसजशी तयार होत गेली, तसे चौदाचे सोळा झाले, सोळाचे अठरा.

गेल्या महिन्यात वीसविरुद्ध वीस अशा डावात ती जिंकली. त्याला अगदी मनापासून वाईट वाटले. तो अर्धा तास नीट बोललाही नाही. तिने आनंदाने टाळी वाजवली, चहा टाकायला उठली, आणि दारातून परत आली. त्याच्या हातातले उरलेले तीन पत्ते तिने एकेक करून उलटले आणि पुढ्यातल्या जमिनींशी ताडून पाहिले. त्या तिघांतल्या एकाचाही तेव्हा उपयोग होण्यासारखा नव्हता. पुढच्या रविवारीही तिने तसेच उलटून पाहिले. त्याने हात आपणहून पुढे केला.