कुंपण नसलेला तुरुंग



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सुगीचे दिवस होते. आम्ही सारे शेतावर गेलो असता भरदिवसा आमच्या घराचे कुलूप तोडून चोरी झाली. घरखर्चाचे पैसे गेले त्याचे फारसे वाटले नाही. पण आईच्या पाटल्या गेल्या. त्या तिला तिच्या आईने दिल्या होत्या. पुढे आई देवाघरी गेली, पाटल्या काही परत मिळाल्या नाहीत. चोर मात्र सापडला. शेजारच्या वाडीतला एकोणीस वर्षांचा पोरगा. त्या दिवशी मी जे बोललो ते या पत्रकात छापण्याजोगे नाही. त्याला चौकात बांधून फोडून काढावे, असे मला मनापासून वाटत होते. त्याच आठवड्यात मी रविवारच्या मिस्साला गेलो आणि आमच्या बापा प्रार्थनेतले क्षमेचे शब्द नेहमीप्रमाणे तोंडाने म्हणून आलो.

तो पोरगा चौदा महिने तुरुंगात होता. त्याला जामीन मंजूर झाला होता, पण जामीनदार मिळाला नाही. शेवटी त्याने गुन्हा कबूल केला, काढलेली कैद शिक्षेत धरली गेली आणि तो सुटला. गेल्या महिन्यात त्याने माझ्या एका स्नेह्याच्या पोल्ट्रीवर काम मागितले. स्नेह्याने मला फोन केला, "चोरी तुमच्या घरी झाली होती. तुम्हीच सांगा, ठेवू का नको?"

मी म्हणालो, "दोन दिवसांनी सांगतो." त्या दोन दिवसांत जो विचार केला तो आपल्यापुढे ठेवतो.

साप आणि माणूस

पहिला सल्ला घरातूनच मिळाला: "सापाला दूध पाजू नये." हा सल्ला आपल्याला शिराळ्यात मिळावा याची मला गंमत वाटली. बत्तीस शिराळ्याचे नाव सगळीकडे झाले ते नागपंचमीमुळे. जिवंत नागांच्या त्या प्रथेवर पुढे न्यायालयाने निर्बंध आणले. ते योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. पण इथले जुने लोक नागाशी कसे वागत ते आपण पाहिले आहे. नाग विषारी आहे हे ते कधी विसरत नसत, आणि म्हणून तो दिसताक्षणी त्याला ठेचतही नसत.

आणि माणूस तर साप नव्हे. विष हा सापाचा स्वभाव आहे. चोरी हा त्या पोराचा स्वभाव नव्हे, ते त्याने केलेले कृत्य आहे. परमेश्वराने माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवले, अशी आपली श्रद्धा आहे. हे प्रतिरूप गुन्ह्याने मळते, पण पुसून जात नाही. अंतिम न्यायाविषयी बोलताना प्रभु येशू भुकेले, तहानेले, उघडे, आजारी यांच्या बरोबरीने तुरुंगातल्यांचीही नोंद घेतो आणि त्यांची भेट ती आपलीच भेट मानतो. त्या यादीत त्याने 'निरपराध कैदी' अशी अट घातलेली नाही.

आपल्याच जिल्ह्यातले दोन तुरुंग

तुरुंग म्हटला की आपल्या सांगली जिल्ह्यात एक प्रसंग हमखास आठवतो. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी सांगलीच्या तुरुंगाच्या तटावरून खंदकात उड्या टाकल्या. गोळीबार झाला. दोन साथीदार हुतात्मा झाले, दादा जखमी होऊन पुन्हा पकडले गेले. ते स्वातंत्र्यसैनिक होते, गुन्हेगार नव्हते, म्हणून तुलना तेवढ्यापुरतीच. पण एक गोष्ट खरी, की तट कितीही उंच असला तरी ज्याचे मन बाहेर आहे त्याला तो अडवू शकत नाही.

याच्या चारच वर्षे आधी, आजच्या याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, एक निराळाच तुरुंग सुरू झाला होता. आपला शिराळा तालुका पश्चिमेला, वारणाकाठचा, पावसाचा. आटपाडी तालुका पूर्वेकडे, माणदेशातला, दुष्काळी. आटपाडी त्या वेळी औंध संस्थानात होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाखाली आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना दिली. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून भारतात आलेले इंजिनियर मॉरिस फ्रीडमन हे या कामात पुढे होते. राज्याचा कारभार लोकांवर विश्वासून सोपवायचा, तर मग कैद्यांवर का विश्वास टाकू नये, असा प्रश्न या मंडळींपुढे आला. त्याच वर्षी आटपाडीजवळच्या माळावर खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांची वसाहत वसली. तिचे नावच 'स्वतंत्रपूर'.

तिथे तट नाही, खंदक नाही. कैद्याने शेती करायची, हजेरी द्यायची, ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर परवानगीशिवाय जायचे नाही, आणि बायकामुलांसोबत राहायचे. संस्थान गेले, राज्ये बदलली, वसाहत टिकली. आज ती महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे आहे. बंद तुरुंगात शिक्षेचा बराच काळ चांगल्या वागणुकीने काढलेल्या कैद्यांतून तिथे निवड होते. जागा मात्र तीस कैद्यांचीही नाही.

त्याच मुलखात जन्मलेले ग. दि. माडगूळकर यांनी या प्रयोगावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली तिचा 'दो आंखें बारह हाथ' हा चित्रपट केला. त्यातली प्रार्थना अनेक शाळांमधून आजही म्हटली जाते. सहा खुनी कैदी आणि एक जेलर. कैद्यांना बांधून ठेवते ती बेडी नव्हे, तर जेलरच्या डोळ्यांतला विश्वास. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाला 'रौप्य अस्वल' मिळाले, आणि आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेनेही आपला पुरस्कार दिला. आटपाडीच्या माळावर जे घडले त्यात ख्रिस्तसभेच्या लोकांना आपलेच काहीतरी दिसले, याचा आपण आनंद मानायला हरकत नाही.

विश्वास म्हणजे सूट नव्हे

"मग काय, चोरांना शेत द्यायचे आणि आम्ही कुलपे बदलत बसायचे?" हा प्रश्न रास्त आहे. ज्याचे घर फुटले, ज्याचा माणूस मारला गेला, त्याला दयेची प्रवचने ऐकवणे सोपे असते. मी दोन्ही बाजूंना बसून पाहिले आहे.

शिक्षा कशासाठी, याची उत्तरे साधारण तीन दिली जातात. पहिले, केल्याचे फळ मिळावे म्हणून. दुसरे, इतरांना धाक बसावा म्हणून. तिसरे, गुन्हेगार सुधारावा म्हणून. पहिल्या दोहोंत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. अन्याय झाला तर तो अन्यायच होता, हे समाजाने मोठ्याने सांगितले पाहिजे. नाहीतर ज्याचे नुकसान झाले तो दुसऱ्यांदा लुटला जातो. पण केवळ एवढ्यावरच थांबलो तर शिक्षा संपते त्या दिवशी आपल्या हाती काय उरते? चौदा महिने भिंतीकडे बघत काढलेला, आधीपेक्षा कडवट झालेला एक तरुण, आणि पाटल्या तर गेलेल्याच.

शुभवर्तमानातला जक्कय आठवा. येशू त्याच्या घरी उतरला, लोक कुरकुरले. पण येशूच्या त्या भेटीने जक्कयाला फुकटची सूट मिळाली नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत, असे त्याने स्वतःच ठरवले. विश्वास टाकल्यावर त्याच्यावरचा बोजा वाढला, कमी झाला नाही. स्वतंत्रपूरच्या कैद्याचेही तेच. बंद तुरुंगात पळू नये ही काळजी पहारेकऱ्याची असते. आटपाडीच्या माळावर ती कैद्याला स्वतःलाच रोज सकाळी उठून करावी लागते. पळाला आणि सापडला तर पुन्हा बंद तुरुंग आहेच. मला वाटते, खरी सुधारणा इथेच सुरू होते: आपल्यावर कोणाचा तरी विश्वास आहे आणि तो मोडणे आपल्याच हातात आहे, हे कळते तेव्हा.

क्षमा आणि शिक्षा

आपल्यापैकी काहींना वाटते की क्षमा केली म्हणजे तुरुंगाचे दार उघडलेच पाहिजे. तसे नाही. १९८१ साली परमगुरू जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या अली आग्जाला त्यांनी काही दिवसांतच क्षमा केली. २७ डिसेंबर १९८३ रोजी ते त्याच्या कोठडीत जाऊन त्याच्या शेजारी बसले. तरीही आग्जा इटलीच्या तुरुंगात २००० सालापर्यंत होता. क्षमा हे मनाचे काम, शिक्षा हे कायद्याचे. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. मात्र क्षमा नसेल तर शिक्षेला शेवटच राहत नाही. तुरुंगातून सुटलेला माणूस गावाच्या नजरेत कायमचा कैदीच राहतो.

आपल्या देशातले उदाहरण तर आणखी जवळचे. सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात गरीब आदिवासींसाठी काम करत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी समंदर सिंग याने त्यांची बसप्रवासात हत्या केली. त्याला जन्मठेप झाली. २००२ साली राणी मारियांच्या धाकट्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्याला राखी बांधली. पुढे कुटुंबीयांनीच त्याच्या सुटकेसाठी विनंती केली आणि २००६ साली तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारियांना धन्यवादित घोषित करण्यात आले, तेव्हा त्या सोहळ्याला तोही हजर होता. त्यांनी आधी अकरा वर्षे शिक्षा होऊ दिली, आणि मग त्याला माणसांत परत घेतले. दोन्ही केले.

कच्चे कैदी

आणखी एक गोष्ट आपल्याला ठाऊक असावी. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे होती. जागा होती ४ लाख ३६ हजारांची. त्यांतले सुमारे ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. चारांपैकी तीन. आपण ज्यांना सरसकट गुन्हेगार म्हणतो त्यांतल्या बहुतेकांना न्यायालयाने अजून गुन्हेगार म्हटलेलेच नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेप्रमाणे, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल आणि त्याच्यावर दुसरे खटले नसतील, तर त्याला जामिनावर सोडले पाहिजे. कायदा चांगला आहे. पण जामीनदार कोण होणार? वकिलाला कोण भेटणार? कागद कोण हलवणार? सुशिक्षित, पगारदार अशा आपल्यासारख्यांनी ही कामे केली नाहीत तर कायदा पुस्तकातच राहतो.

भारतीय महागुरूंच्या परिषदेने ऑगस्टमधला दुसरा रविवार तुरुंग-सेवेसाठी राखून ठेवला आहे. त्या दिवशी आपण विनंतीच्या प्रार्थनेत कैद्यांसाठी एक ओळ म्हणतो आणि घरी येऊन जेवायला बसतो. मीही तेच करत आलो.

माझे उत्तर

दोन दिवसांनी मी स्नेह्याला फोन केला. म्हणालो, "ठेवा. आल्या आल्या गल्ल्याची किल्ली देऊ नका. आधी खाद्य घालायला ठेवा, वेळेवर येतो का पहा, मग पुढचे पहा. पण पगार इतरांइतकाच द्या, आणि त्याच्या पाठीमागे 'चोर' म्हणू नका." तेही हो म्हणाले.

मग मी स्वतः एकदा पोल्ट्रीवर गेलो. तो खाद्याची पोती उतरवत होता. मला ओळखून थांबला, मान खाली घातली. मला वाटले होते की मी काहीतरी मोठे बोलेन. तसे काही सुचले नाही. "जेवलास का?" एवढेच विचारले. तो "होय" म्हणाला आणि पुन्हा पोते उचलले.

त्याला मी पूर्ण क्षमा केली आहे का? प्रामाणिकपणे सांगतो, आईच्या पाटल्या आठवल्या की अजून आत काहीतरी दुखते. क्षमा ही एकदा करून संपणारी गोष्ट नाही, ती रोज करावी लागते. पण मला क्षमा पुरी करता येईपर्यंत त्याने काम का थांबवून बसावे?

बंधुभगिनींनो, शिराळ्यात स्वतंत्रपूरसारखी वसाहत नाही, आणि ती सरकारने काढावी म्हणून आपण वाट पाहण्याचीही गरज नाही. तुरुंगातून सुटलेला माणूस शेवटी एखाद्या गावातच परत येतो. त्या गावात कुंपण घालायचे की नाही, हे तुमच्या-माझ्या हातात आहे. आपल्या वाडीत, आपल्या गल्लीत असा कोणी परत आला असेल, तर या आठवड्यात त्याच्याशी दोन शब्द बोलूया. आणि प्रभूच्या शेजारच्या क्रुसावरून ज्याने त्याची आठवण मागितली आणि ज्याला ती मिळाली, त्या शिक्षा झालेल्या चोराची आठवण आपणही ठेवूया.