परक्या श्रद्धेला आपला आवाज

झोटवाड्यातील आमच्या बिऱ्हाडी रात्री मालमोटारींची वर्दळ ओसरली, की आम्ही खिडक्या लावतो, भर उन्हाळ्यातही पंखा बंद करतो आणि बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करतो. २००५ साली सुरू झालेल्या लिब्रिव्हॉक्स या उपक्रमात स्वामित्वाची मुदत संपलेली पुस्तके जगभरचे स्वयंसेवक अशी वाचतात व ती सर्वांना विनामूल्य ऐकता येतात. वाचणाऱ्यास मोबदला नाही. मजकूर मात्र जसाच्या तसा वाचावा लागतो.

पदमनजींनी १८५४ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८५७ मध्ये ही कादंबरी प्रसिद्ध केली. हिंदू विधवांच्या हालअपेष्टा सांगता सांगता ती वाचकाला येशूच्या दाराशी नेते. आमचा तो धर्म नव्हे. मग जी श्रद्धा आपली नाही, तिला आपला आवाज द्यावा काय? तो दांभिकपणा ठरत नाही काय?

प्रथम आम्ही एक पळवाट काढली. उपदेशाचे प्रसंग आले, की स्वर सपाट करावा, क्वचित त्यात उपहासाची छटा मिसळावी. अक्षर तर एकही बदललेले नसे; दोष कोण देणार? परंतु ध्वनिमुद्रण परत ऐकताना ध्यानी आले, की तो उपहास उपदेशापाशी थांबला नव्हता. विधवांच्या व्यथेच्या वर्णनातही तो शिरला होता. आमच्या लहानपणी घरात एक आलवणातली चुलत आजी होती. तिच्याविषयी आम्ही कधी कोणापाशी बोललो नाही. लेखकाचा धर्म परका, म्हणून त्याने दाखविलेले आमच्याच घरातले दुःखही आम्ही परके ठरवू पाहत होतो.

सरकारी कचेरीत आयुष्य घालविणाऱ्यांना यातील मर्म सांगणे नलगे. न पटणाऱ्या अर्जदाराचे म्हणणे टिप्पणीत मांडताना शब्द खरे ठेवूनही त्याची बाजू लंगडी करता येते. वरिष्ठ तेवढेच वाचतो आणि निर्णय देतो. आपले प्रतिकूल मत खाली निराळे नोंदवावे. त्याचे म्हणणे मात्र त्याच्याच बळानिशी मांडावे.

पुस्तक वाचून दाखविणाऱ्याचेही तेच. आपण आवाज देतो, संमती देत नाही; निवाडा ऐकणाऱ्याने करावयाचा असतो. पुस्तक हाती न घेण्याचे स्वातंत्र्य आपल्याला आहे. घेतल्यावर त्याला आतून दगा देण्याचे नाही.

ती प्रकरणे आम्ही पुन्हा वाचली. आमची श्रद्धा ढळली नाही. आजीचे नाव मात्र त्या रात्री पुष्कळ वर्षांनी घरात उच्चारले गेले.