काटक गुलाबाचा स्वधर्म

एखादा गुलाब काटक आहे असे म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात एक जागा धरलेलीच असते. पुण्यात पारा पाच-सहा अंशांवर उतरला की वर्तमानपत्रात बातमी होते. तिथे काटक म्हणजे वैशाखातले ऊन सोसणारा आणि पावसाळ्यात पानांवर पडणाऱ्या काळ्या ठिपक्यांना न जुमानणारा. अमेरिकेतल्या मिनेसोटात हाच शब्द उणे तीस अंश सेल्सियसला जिवंत राहणाऱ्या झाडासाठी वापरतात. थंड प्रदेशातल्या बागेसाठी झुडुपी गुलाब निवडणे हे वरवर पाहता रोपवाटिकेतले काम. पण त्यात एक जुना प्रश्न दडलेला आहे: स्वभाव हा वस्तूत असतो, की वस्तू आणि जागा यांच्या नात्यात? त्याच्याच पोटात दुसराही आहे. जे या मातीचे नाही त्याला जिवापाड जपणे हे प्रेम, की या मातीत जे आपल्या बळावर जगेल ते ओळखून लावणे हे प्रेम?

निवडीची सुरुवात एका नकाशाने होते. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९६० साली देशाचे थंडीनुसार पट्टे पाडलेला नकाशा प्रसिद्ध केला. आज त्यात १३ पट्टे आहेत आणि प्रत्येक पट्टा १० अंश फॅरनहाइटचा आहे. चौथ्या पट्ट्यात वर्षातली सर्वांत थंड रात्र सरासरी उणे ३० ते उणे २० अंश फॅरनहाइट असते, म्हणजे साधारण उणे ३४ ते उणे २९ अंश सेल्सियस. २०२३ च्या सुधारित नकाशात जवळजवळ निम्मा देश अर्ध्या पट्ट्याने उबदार ठरला आणि मिनेसोटातले मिनिआपोलिस शहर चौथ्यातून पाचव्यात गेले. मात्र हा आकडा सरासरीचा आहे. तीस वर्षांची सरासरी काढली की त्यातली निम्म्याच्या आसपास वर्षे तिच्याहून थंड असणारच. २ फेब्रुवारी १९९६ ला मिनिआपोलिसमध्ये पारा उणे ३२ फॅरनहाइटवर होता आणि त्याच सकाळी राज्याच्या उत्तरेकडील टॉवर या गावी उणे ६० ची नोंद झाली. गुलाब सरासरीत मरत नाही. तो एका विशिष्ट रात्री मरतो. म्हणून जाणते बागवान आपल्या पट्ट्यापेक्षा एक पट्टा अधिक थंडी सोसणारी जात घेतात.

थंडी सोसणे म्हणजे झाडाच्या आत नेमके काय घडते, हे पाहिल्यावर काटकपणाची कल्पनाच पालटते. दिवस लहान होऊ लागले आणि हवा गार झाली की काटक जातीचे झुडूप वाढ थांबवते. कोवळी लाकडे पिकतात, पेशींत साखर साठते. पुढे पारा शून्याखाली गेल्यावर पेशीतले पाणी हळूहळू बाहेर, दोन पेशींमधल्या पोकळीत जाते आणि तिथे गोठते. पेशी आतून कोरडी होत जाते, आकसते, पण फुटत नाही. बर्फ पेशीच्या आत तयार झाले तर मात्र ती संपते. म्हणजे इथले बळ अडवून धरण्यात नसून वेळेवर सोडून देण्यात आहे. नाजूक जातीला हे थांबणे जमत नाही; ती ऑक्टोबरातही नवे तांबूस फुटवे काढत राहते आणि पहिल्याच कडक गारठ्यात ते काळे पडतात. माळ्याचे कामही यावरून ठरते. ऑगस्टच्या सुरुवातीनंतर नत्राचे खत द्यायचे नाही आणि सप्टेंबरपासून सुकलेली फुले खुडायची नाहीत. फुलांच्या जागी फळे धरली की झुडूप निजायच्या तयारीला लागते. इथे माया करायची म्हणजे हात आखडता घ्यायचा, आणि हे भल्याभल्यांना जड जाते.

मिनेसोटातल्या गुलाबप्रेमींनी मात्र हात आखडता न घेण्याचाही एक मार्ग काढला. हायब्रिड टी जातीचे गुलाब, म्हणजे लांब देठावर एकेक मोठे टोकदार फूल देणारे, हे तिथल्या हिवाळ्यात उघड्यावर जगत नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यावर रुळलेली ‘मिनेसोटा टिप’ ही पद्धत त्यांच्यासाठी आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर झुडपाच्या फांद्या सुतळीने एकत्र आवळतात. एका बाजूला झुडपाच्या उंचीएवढा लांब चर खणतात. मग मुळांभोवतीची माती काट्याने सैल करून अख्खे झुडूप हळूहळू त्या चरात आडवे करतात. वाकायचे ते मुळांपाशी; फांदी वाकवायला गेले तर ती तडकते. त्यावर माती, मातीवर पालापाचोळा, आणि वरून पडणारे बर्फ. एप्रिलमध्ये थरामागून थर काढून झुडूप पुन्हा उभे करतात. पन्नास झुडपे असतील तर पन्नास चर. काटेरी फांद्यांनी हातमोजेही फाटतात. ज्यांनी हे वर्षानुवर्षे केले त्यांच्या श्रमाला सेवा याखेरीज दुसरे नाव शोभत नाही. १९०८ साली सुरू झालेल्या मिनिआपोलिसच्या लिंडेल पार्कातल्या गुलाबबागेसमोर उभे राहिले की थंडीच्या मुलखात गुलाबावर माणसांनी किती जीव टाकला आहे, हे कळते.

दुसरा मार्ग आयोवा राज्यातल्या एम्स इथे दिसतो. आयोवा स्टेट विद्यापीठातले ग्रिफिथ बक यांनी आपली संकरित रोपे उघड्या शेतात लावली. हिवाळ्यात आच्छादन नाही, उन्हाळ्यात औषधाची फवारणी नाही. जी मेली ती मेली. जी उरली त्यांतून त्यांनी पुढची पिढी वाढवली. १९७७ मध्ये बाहेर आलेला त्यांचा ‘केअरफ्री ब्यूटी’ आजही लावला जातो. विस्कॉन्सिनच्या विल्यम रॅडलर यांचा २००० साली आलेला ‘नॉक आउट’ हा त्याचाच वंशज. बक यांच्या कामात एक कठोरपणा आहे हे मान्य करावे लागते. असंख्य रोपे त्यांनी जाणूनबुजून थंडीच्या हवाली केली. परंतु चरात पुरलेला गुलाब दरवर्षी माणसाच्या पाठीच्या बळावर जगतो आणि एक वर्ष पाठ दुखली की जातो. बक यांचा गुलाब माणूस विसरला तरी जगतो. दोहोंत अधिक करुणा कुठे, या प्रश्नाचे उत्तर झाडाच्या बाजूने शोधले तर कौल बक यांच्याकडे जातो.

मराठी वाचकाला इथे स्वधर्म हा शब्द आठवणे स्वाभाविक आहे. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात माशाचा दृष्टान्त येतो: पाण्यापेक्षा तुपाचे गुण कितीही अधिक असोत, माशाला तुपात राहता येत नाही. हायब्रिड टीचे फूल रुगोसा या काटक रानगुलाबाच्या विस्कटलेल्या फुलापेक्षा रेखीव असते, हे कोणीही मान्य करील. पण श्रेष्ठ-कनिष्ठाचा तो हिशेब जागा वगळून केलेला आहे. जिथे जगायचे ती जागा हिशेबात आली की रेखीवपणा दुय्यम होतो.

मात्र हा दृष्टान्त फार ताणता येत नाही. स्वधर्माची कल्पना आपल्याकडे जन्माला बांधली गेली, आणि तिने माणसांना शतकानुशतके एका जागी खिळवून ठेवले. गुलाबाचा इतिहास अशा खिळवण्याला साक्ष देत नाही. अमेरिकेतल्या कनेटिकटमधला ‘मॅक्स ग्राफ’ हा रुगोसा आणि विचुराना या दोन रानगुलाबांचा संकर जवळजवळ वांझ होता. जर्मनीत विल्हेल्म कोर्डेस यांना त्याच्या बियांतून दोन रोपे मिळाली. एक थंडीने गेले. उरलेल्यात गुणसूत्रांची संख्या आपोआप दुप्पट, १४ ची २८, झालेली होती आणि ते फलक्षम होते. त्या एका रोपातून ‘रोझा कोर्डेसी’ हा नवा वंश निघाला. कॅनडातल्या ऑटावा इथे फेलिसितास स्वेइदा यांनी त्याच्यापासूनच ‘जॉन कॅबट’, ‘विल्यम बॅफिन’, ‘शॅम्प्लेन’ हे गुलाब घडवले. बक यांच्या झाडांत तर साउथ डाकोटाच्या नील्स हॅन्सन यांनी सायबेरियातून आणलेल्या रानगुलाबाचेही रक्त आहे. स्वभाव असतो, पण तो संगतीने, संकराने आणि हिवाळ्यांनी घडत जातो. उलट बाजूही आहे. पूर्व आशियाच्या किनाऱ्यावरचा रुगोसा न्यू इंग्लंडच्या वाळूत इतका रुजला की काही ठिकाणी तो मूळच्या वनस्पतींना हटवू लागला. परक्या जागेत जगता येणे आणि त्या जागेशी नीट वागणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

निवडीतला सर्वांत व्यावहारिक मुद्दा ओळखीच्या, म्हणजे ‘तेच ते’ असण्याच्या, प्रश्नाशी जाऊन भिडतो. बाजारातले बरेच गुलाब डोळा भरून केलेले असतात: खाली एका जातीचा खुंट, वर दुसऱ्या जातीचा डोळा. अमेरिकेत ‘डॉक्टर ह्युई’ हा खुंट फार वापरला जातो. कडक हिवाळ्यात डोळ्याच्या वरचा भाग जळतो, पण जमिनीखालचा खुंट जगू शकतो. वसंतात जोमदार फुटवे येतात, घरची माणसे हरखतात आणि जूनमध्ये पिवळ्याऐवजी गडद लाल फुले उमलतात. पाटीवर नाव जुनेच असते. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात नागसेन हा भिक्खू मिलिंद राजाला रथाचे उदाहरण देतो: चाके, आस, जू यांपैकी रथ नेमका कोण? इथे प्रश्न तसाच आहे, फक्त उत्तर जूनमध्ये फुलते. स्वतःच्या मुळांवर वाढवलेल्या रोपाला ही अडचण नाही. त्याच्या जमिनीवरच्या सगळ्या फांद्या मेल्या तरी मुळातून उगवतो तो तोच गुलाब. म्हणून चौथ्या आणि त्याहून थंड पट्ट्यात रोप घेताना ते स्वतःच्या मुळांवरचे आहे का, हे आधी विचारावे; रंग नंतर. डोळा भरलेलेच घ्यावे लागले तर जोड जमिनीखाली चार-सहा इंच जाईल असे लावतात, म्हणजे कालांतराने वरच्या जातीला स्वतःची मुळे फुटू शकतात.

जातींपैकी तिसऱ्या पट्ट्यापर्यंत सर्वांत भरवशाचे रुगोसा वंशाचे: जांभळट, लवंगेच्या वासाचा ‘हान्सा’, पांढरा ‘ब्लाँ दूब्ल द कूबेर’. यांच्या सुरकुतलेल्या पानांवर काळे ठिपके क्वचित पडतात आणि औषध फवारले तर पानेच करपतात. चुनखडीच्या मातीत मात्र ती पिवळी पडतात. उंच, कमानीवर चढवण्याजोगा ‘विल्यम बॅफिन’ आहेच. मॅनिटोबातल्या मॉर्डन इथल्या ‘मॉर्डन ब्लश’सारख्या जाती गुडघ्या-कमरेएवढ्या राहतात. त्या जातींत प्रेअरीवरच्या रोझा आर्कान्साना या रानगुलाबाचा अंश आहे. हिवाळ्यात जमिनीपर्यंत मरून नव्या फुटव्यावर फुलायचे, ही खोड त्याचीच. ‘नॉक आउट’ पाचव्या पट्ट्याचा. चौथ्यात तो बेभरवशाचा. न्यूयॉर्कमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उगवलेला आणि पश्चिमेकडे निघालेल्या वसाहतकऱ्यांनी सोबत नेलेला ‘हॅरिसन्स यलो’ कमालीचा काटक आहे, पण वर्षातून एकदाच, जूनच्या सुमारास, फुलतो.

ही शेवटची गोष्ट देवपूजेसाठी फूल लावणाऱ्या मराठी घराला महत्त्वाची आहे. मिनेसोटात जास्वंद कुंडीत आणि हिवाळ्यात घरातच. अंगणातले लाल फूल गणपतीला वाहायचे तर गणेशचतुर्थी ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात येते, तेव्हा एकदाच फुलणाऱ्या जातीचा उपयोग नाही. ‘शॅम्प्लेन’ किंवा ‘होप फॉर ह्युमॅनिटी’ हे लाल, पुन्हा पुन्हा फुलणारे आणि थंडीतही टिकणारे. फवारणी न लागणारे झुडूप असेल तर पाकळ्या गुलकंदालाही चालतात. ऑगस्टपर्यंत जपानी भुंगेरे फुले कुरतडतात. ते सकाळी गारव्यात सुस्त असताना हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकतात. अहिंसा मानणाऱ्या घरात ही रोजची बोच आहे आणि ती बोथट होऊ न देणेच बरे. विषारी फवाऱ्यात मधमाश्याही मरतात, वेचण्यात फक्त भुंगेरे. यापलीकडे तिचे समाधान नाही.

एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर ही झुडपे मेलेलीच दिसतात: करड्या, सुकलेल्या काड्या. कात्रीची घाई त्या वेळी करायची नाही. डोळे फुगू लागले की टोकाकडून थोडी थोडी फांदी छाटत खाली यायचे. कापलेला गाभा तपकिरी असेल तर आणखी खाली; पांढरा आणि भोवती हिरवी साल दिसली की थांबायचे. काही झुडपांत ही हिरवी साल गुडघ्याएवढ्या उंचीवर सापडते, काहींत जमिनीलगत, काहींत कुठेच नाही. अशा शेवटच्या झुडपालाही जून उजाडेपर्यंत उपटत नाहीत, कारण स्वतःच्या मुळांवरच्या गुलाबाचा पहिला तांबडा कोंब कधी कधी मेच्या अखेरीस मातीतून वर येतो.