११५०ची रेघ

सैल बसा. पांढरकवड्याच्या काळ्या रानात बसला असाल तर उत्तमच. मनात कार्बनचा एक अणू घ्या. या मुलखाला तो परका नाही. पूर्वेला वणीच्या खाणींत तो कोळसा आहे, आणि त्याही पलीकडे वैरागडला एके काळी हिरा होऊन निघायचा. ‘ऐन-इ-अकबरी’त त्या खाणीची नोंद आहे.

आता त्या अणूला चार शेजारी द्या, चारही सारख्याच अंतरावर. त्या प्रत्येकाला पुन्हा चार. घाई करू नका, जाळं पसरू द्या. हा हिरा. तो स्थिर वाटतो, पण त्यातले अणू सेकंदाला सुमारे चाळीस लाख कोटी वेळा थरथरतात.

त्यावर एकाच रंगाचा प्रकाश सोडा. बहुतेक प्रकाश आला तसाच परततो. अगदी थोडा मात्र त्या थरथरीला आपली काही ऊर्जा देऊन, रंग किंचित बदलून बाहेर पडतो. हे ओळखणारे चंद्रशेखर व्यंकट रामन १९१०च्या सुमारास सरकारी हिशेब खात्यात नागपूरला होते, इथून जेमतेम दीडशे किलोमीटरवर. शोध लागला १९२८ साली, कलकत्त्याला. चांगल्या हिऱ्याच्या वर्णपटात एकच ठसठशीत रेघ उमटते, प्रति सेंटीमीटर १३३२वर; रंग किती बदलला, त्याचं हे माप. मला ती जवळजवळ उद्धट वाटते, इतकी स्वच्छ.

आता हिरा लहान करा. आणखी लहान. पाच नॅनोमीटरचा कण: त्यात साधारण अकरा हजार अणू, आणि दर पाच-सहांतला एक थेट काठावर. असे कण एकमेकांना खेटून थर झाला, की त्यांच्या सांध्यांत काही अणूंना चौथा शेजारी मिळत नाही. तिथे कार्बन हिऱ्यासारखा नाही, ग्राफाइटसारखा बांधला जातो.

इथे थोडं थांबा. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात हा सांध्यातला कार्बन हिऱ्याच्या पन्नासपट आणि त्याहूनही जोरात उत्तर देतो. ग्रामसभेत शंभर माणसं गप्प आणि दोघंच ओरडतायत, आणि इतिवृत्तात त्या दोघांचंच म्हणणं उतरलंय, असा प्रकार. १३३२ची रेघ रुंदावते, फिकी होते, कधी बुडूनच जाते. ११५०च्या आसपास मात्र एक नवीच रेघ डोकं काढते. बरीच वर्षं तिला नॅनो-हिऱ्याची खूण मानलं जाई. ती दिसली की हिरा झाला!

२००१ साली फेरारी आणि रॉबर्टसन या संशोधकांनी प्रकाशाचा रंग बदलून पाहिला. रेघ जागेवरून सरकली. हिऱ्याची रेघ अशी सरकत नाही. म्हणजे ११५०ची रेघ हिऱ्याच्या कणांची नव्हतीच. सांध्यांत अडकलेल्या, हायड्रोजन लागलेल्या कार्बनच्या साखळ्यांची होती.

मग तुम्हीही दिवा बदला. निळ्याच्याही पलीकडे, अतिनील प्रकाशात या. साखळ्यांची रेघ मावळते, सांध्यांचा जोर ओसरतो, आणि त्याच थरात, काहीही न खरवडता, १३३२ची रेघ वर येते. दोन्ही वर्णपट शेजारी ठेवा आणि त्यांच्याकडे बघत राहा.