शेताचा घास

नाताळाच्या सुमारास युरोपातल्या अनेक घरांत फ्रूटकेक कापला जातो. त्यातले मनुके, बेदाणे, संत्र्याच्या साली कित्येक आठवडे आधीपासून रममध्ये मुरलेल्या असतात. इंग्लंडात तर नाताळच्या पुडिंगचं मिश्रण घरातल्या प्रत्येकानं एकदा तरी ढवळायचं, असा जुना रिवाज आहे. थंडीच्या याच दिवसांत धाराशिव जिल्ह्यातही घरभराचे हात लागलेला एक पदार्थ शिजतो. येळवशीची भज्जी. मात्र तिचा पहिला घास माणसाचा नसतो, शेताचा असतो.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. धाराशिव, लातूर आणि सीमेपलीकडच्या बिदर-कलबुर्गी पट्ट्याचा हा सण. 2024 मध्ये तो दोनदा आला, 11 जानेवारीला आणि पुन्हा 30 डिसेंबरला. त्या दिवशी उमरगा, लोहाऱ्याकडच्या बाजारपेठा ओस पडतात आणि गावं शेतात जाऊन बसतात. तूर भरलेली, हरभऱ्याला घाटे धरू लागलेले, ज्वारी उंच झालेली. पण हाती अजून काहीच आलेलं नसतं. सुगी व्हायच्या आधीच हा सण आभार मानून मोकळा होतो, आणि त्यातलं धाडस सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

भज्जीची तयारी आदल्या दिवशीच सुरू होते. संध्याकाळी अंगणात सगळं घर दाणे सोलायला बसतं: तुरीच्या शेंगा, वाटाणा, वाल, ओला हरभरा. मेथी, पालक, चुका, कांद्याची पात निवडली जाते. आंबील त्याहून आधीची. ज्वारीचं पीठ ताकात कालवून आंबवलेलं असतं, त्यात लसूण-जिरं वाटून पडतं. पहाटेच्या अंधारात चूल पेटते. मोठ्या पातेल्यात दाणे आणि भाज्या शिजत असतात, वरून चिंचेच्या कोळात कालवलेलं बेसन ओततात. गुठळी होऊ नये म्हणून एक बाई ओतते, दुसरी हाटत राहते, आणि ते सगळं हळूहळू दाट होत जातं. सोबत बाजरीचे उंडे, भाकरी, शेंगदाण्याच्या पोळ्या, गव्हाची खीर. नातवंडांना पुढं आठवतो तो या चुलीचा धूर आणि डोक्यावर भांडी घेऊन बांधावरून चालणारी आजी.

शेतात कडब्याची कोप उभी केलेली असते. आत चुना लावलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. त्यांची आणि लक्ष्मीची पूजा होते, नैवेद्य दाखवतात. मग कुणीतरी आंबिलीचं मडकं घेतो आणि आरोळी देत पिकाभोवती ती शिंपडत फिरतो. त्यानंतरच पंगत बसते.

आता प्रश्न असा, की जे जमिनीतूनच आलं ते जमिनीला परत देण्यात देणं ते कोणतं? दगडाला तोंड नाही, मातीला भूक नाही. शिंपडलेली आंबील घटकाभरात जिरते आणि उरलेलं सगळं माणसंच खातात. मग नैवेद्य ही देवाच्या नावानं केलेली आपलीच मेजवानी नव्हे काय? ही शंका पाखंडी नाही. श्रद्धावान माणसालाही ती पडते आणि पडायला हवी.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात याचं उत्तर फार कठोर शब्दांत आलं आहे. देवांनी दिलेलं त्यांना न देता जो भोगतो, त्याला तिथं सरळ चोर म्हटलंय. आणि जे केवळ स्वतःसाठी रांधतात, ते पाप खातात. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरांनी हा अध्याय मराठीत आणला तो ऐकणाऱ्यांत शेतकरीही असणार. देवाचं पोट भरतं की नाही, हा वादच इथं उरत नाही. खाणाऱ्यानं आपण मालक नाही हे कबूल केलं का, एवढंच विचारलं जातं. तैत्तिरीय उपनिषद आणखी पुढं जातं: अन्न पुष्कळ मिळवावं आणि आसऱ्याला आलेल्या कुणालाही नाकारू नये.

म्हणजे कबुली नुसती मनात ठेवून भागत नाही, ती पंगतीत दिसावी लागते. पैठणच्या एकनाथांची गोष्ट मराठवाड्यात घरोघरी सांगतात. श्राद्धाच्या अन्नाचा वास घेऊन दाराशी आलेल्या भुकेल्या अस्पृश्यांना त्यांनी तेच अन्न आधी वाढलं, आणि पितर तृप्त झाले. येळवशीची रीतही मुळात हीच आहे. ज्याला शेत नाही त्याला शेत असलेल्यानं बोलवायचं. शहरातले मित्र, नोकरीसाठी आलेली परगावची माणसं, शेजारी, वाटेनं चाललेला अनोळखी, कुणालाही हाक मारून पानावर बसवतात. नैवेद्य खरा पोचतो तो इथं. ज्या बांधावर फक्त भावकी जेवते आणि वर्षभर राबलेल्या सालगड्याला डबा बांधून घरी धाडलं जातं, तिथं पांडवांना कितीही चुना लावला तरी पूजा अर्धीच राहते.

जमिनीशी असलेलं हे नातं याच पट्ट्यात एकदा फार वेगळ्या तऱ्हेनं दिसलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे इथं भूकंप झाला. लातूरमधल्या किल्लारीबरोबर धाराशिवमधलं सास्तूर आणि आसपासची गावंही कोसळली, आणि दोन्ही जिल्ह्यांतली 52 गावं नव्या जागी वसवावी लागली. घरं हलली, देवघरं हलली; शेतं मात्र होती तिथंच राहिली. वडिलोपार्जित म्हणून हात लावता येईल असं अनेकांपाशी तेवढंच उरलं. अशा कुटुंबांना जमिनीशी बोलणं म्हणजे भाबडेपणा वाटत नसेल, तर नवल नाही.

एक हिशेब मात्र अजून बाकी आहे. घास आधी देवाचा आणि शेताचा, मग पाहुण्याचा, पुरुषांचा. आदल्या रात्रीपासून चुलीपुढं उभी असलेली बाई बऱ्याच शेतांत सगळ्यांची पानं उठल्यावर जेवायला बसते. जिच्या हातून सगळं आलं तिला आधी न देता खाणारा कोण, हे तिसऱ्या अध्यायानं सांगूनच ठेवलंय. आंबील शिंपडून झाली की मडक्यात उरलेल्या आंबिलीचा पहिला पेला तिच्या हाती द्यायला कोणतीही पोथी आड येत नाही.