नाद विरेपर्यंत

अण्णांनी एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून ३१ वर्षं काढली. खिडकीत माइक, भिंतीवर वेळापत्रक आणि समोर सतत कुणीतरी विचारणारं. "साहेब, सातार..." एवढं कानावर पडलं की अण्णा सांगायचे, "फलाट चार, दहा मिनिटांत लागेल." प्रवाशाचं वाक्य पुरं व्हायची वाट पाहिली असती तर रांग स्टँडच्या दाराबाहेर गेली असती. अर्ध्या शब्दावरून पुरतं ओळखणं हे त्या खिडकीतलं कसब होतं आणि अण्णांचा त्यात हातखंडा होता.

निवृत्तीनंतर खिडकी सुटली, सवय सुटली नाही. "अहो, माझा तो..." म्हणेपर्यंत अण्णांनी माईंच्या हातात चष्मा दिलेला असे. "रात्री झोपताना मला..." "उशी बदल, मी कधीपासून सांगतोय." संसाराच्या इतक्या वर्षांत माईंची वाक्यं आखूड होत गेली होती. अलीकडे त्या नुसतं "अहो" म्हणत आणि पुढचं गिळून टाकत.

अण्णा मायाळू होते. लगेच उत्तर देणं हीच त्यांची माया. अशाच भल्या माणसांनी गप्प करून टाकलेली घरं मी पाहिली आहेत, म्हणून ही गोष्ट सांगावीशी वाटते.

माईंची झोप उडालीय हे सूनबाईच्या लक्षात आलं. फाल्गुनातल्या एका रविवारी तिने दोघांची नावं कोथरूडमधल्या एका 'साउंड बाथ'ला घातली.

"टॉवेल न्यायचा का?" अण्णांनी विचारलं.

"नाही हो अण्णा, त्यात पाणी नसतं. तासभर पडून आवाज ऐकायचा. सैल कपडे घाला, दोन तास आधी हलकंच खा. आणि शाल न्या. निवांत पडलं की अंग गार पडतं."

योगवर्गाच्या हॉलमध्ये वीसेक चटया गोलाकार अंथरल्या होत्या. मध्ये छोट्या गाद्यांवर धातूची सात वाडगी, मागे चौकटीला टांगलेली परातीएवढी गाँग. वाडगी पाहताच माई पुटपुटल्या, "काशाची वाटी!" सासूबाईंच्या तळव्यांना तूप लावून त्यांनी ती वर्षानुवर्षं घासली होती. ओळख बरोबर होती. पाऊण भागाहून थोडं जास्त तांबं आणि बाकी बहुतेक कथील, हेच कासं. देवळातली चांगली घंटाही साधारण अशाच मिश्रणाची असते, म्हणून तिचा नाद लांबतो.

सत्र घेणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, "हे औषध नाही. कॅलिफोर्नियात ६२ जणांवर केलेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. सत्रानंतर त्यांचा ताण कमी झाल्याची नोंद त्यात आहे, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. तेव्हा बरं वाटलं तर आनंद; आजार बरा होईल असं मी म्हणणार नाही. कुणाला झोप लागते, कुणाला रडू येतं, कुणाला काहीच वाटत नाही. सगळं चालेल." असं बोलणारं माणूस भेटलं तर तिथे खुशाल चटई टाकावी.

मग त्यांनी एकेक विचारलं. पेसमेकर आहे का? फिट येते का? कुणी गरोदर? अर्धशिशी? माईंच्या गुडघ्यांखाली त्यांनी स्वतः लोड सरकवला. शेवटी विचारलं, "कुणाच्या कानात सारखा आवाज येतो का?"

माईंनी हात वर केला.

अण्णांनी चमकून पाहिलं.

"कुठल्या कानात?" बाई त्यांच्याजवळ येऊन बसल्या.

"डाव्या. लांब कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी होतेय आणि थांबतच नाहीये, तसा."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

बाई पुढे काही बोलल्या नाहीत. माईही थांबल्या. मध्ये कुणीतरी बोलेल याची त्यांना सवय होती. कुणीच बोललं नाही, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "रात्री फार होतं. भिंतीकडे तोंड करून पडून राहते."

"आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा. आज गाँगपासून लांब, दाराजवळ झोपा. त्रास वाटला तर सरळ बाहेर जायचं, मला विचारायचंसुद्धा नाही."

सगळे आडवे झाले. बाईंनी डोळे मिटायला सांगितले. "मी एकदाच टोला देते. नाद पूर्ण संपला असं वाटलं की हात वर करा."

मोठं वाडगं वाजलं. घुमलं, पसरलं, बारीक झालं. अण्णांनी हात वर केला आणि किती जणांचा झाला हे पाहायला डोळे उघडले. एकाही चटईवर हात वर नव्हता. दाराजवळ माई डोळे मिटून स्थिर होत्या, अजून ऐकत होत्या. अण्णांनी हात खाली घेतला, डोळे मिटले. मग त्यांनाही तो सापडला. केसाएवढा बारीक, पण होता.

पुढचा पाऊण तास वाडगी वाजत राहिली. लाकडी दांडा काठावरून फिरला की नाद चढत जाई. दोन वाडग्यांचे सूर अगदी जवळजवळचे असले की नाद लाटेसारखा उचंबळतो आणि ओसरतो. एक सेकंदाला २०० कंपनांचा आणि दुसरा २०३ चा असला तर सेकंदाला तीन लाटा. अण्णांना हे गणित ठाऊक नव्हतं, पण छातीवर कुणीतरी थोपटतंय असं वाटत होतं. शेजारचा तरुण घोरू लागला. अण्णांना झोप आली नाही. त्यांना दिवाळी आठवत होती. पाडव्याच्या रात्री पणत्या विझवून माई आत आल्या होत्या, म्हणाल्या होत्या, "अहो, माझ्या कानात..." आणि त्यांनी म्हटलं होतं, "वारा लागला असेल. कापूस घाल." त्यानंतरचे अर्धवट सोडलेले किती 'अहो' होते, तेही एकेक करून आठवले. गाँगचा आवाज जमिनीतून पाठीत शिरला आणि बंद डोळ्यांच्या कडेने पाणी ओघळून कानात गेलं.

शेवटी बाईंनी बराच वेळ काहीच वाजवलं नाही. मग हातपाय हलवायला, उजव्या कुशीवर वळून सावकाश उठायला सांगितलं, प्रत्येकाला कोमट पाणी दिलं.

रिक्षात बसल्यावर अण्णा म्हणाले, "दिवाळीपासून?"

"हो."

पुढे काही नाही. कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली. अण्णांच्या तोंडाशी तीन उत्तरं आली होती: उद्याच डॉक्टर, तेल घालू नकोस, सांगितलं का नाहीस. त्यांनी तिन्ही आत ठेवली. हिरवा दिवा लागला, रिक्षा निघाली, दोन चौक गेले.

"ते मोठं वाडगं घुमत होतं तोवर शिट्टी ऐकू आली नाही," माई म्हणाल्या. "नाद विरला आणि परत आली."

अण्णा ऐकत राहिले.

"आईला असंच सुरू झालं होतं. नंतर तिला ऐकू येईनासं झालं. मला त्याची भीती वाटते हो."

अण्णांनी त्यांचा हात हातात घेतला. घर येईपर्यंत माई बोलत होत्या.

मंगळवारी सकाळी दोघे कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले. डॉक्टरांनी अण्णांकडे पाहून विचारलं, "काय होतंय यांना?"

अण्णांनी आपली खुर्ची थोडी मागे सरकवली आणि माईंकडे पाहिलं.


माईंनी सांगायला सुरुवात केली.