चार अक्षरांचं नाव

मामेभावाने परवा माझ्या कपाटातली 'ड्रॅगन क्वेस्ट ३'ची जपानी कॅसेट उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "तुला जपानी येत नाही, मग हे कशाला जमवतोस? लॅपटॉपवर इंग्रजीत चालतं की सगळं!" दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना.

चालतं, हे मलाही ठाऊक आहे. पण भाऊ खेळ आणि कॅसेट यांत फरकच करत नाही. फॅमिकॉमच्या, म्हणजे निन्टेन्डोच्या जपानी यंत्राच्या, काळात त्या यंत्राचाही काही भाग कधीकधी कॅसेटच्या पोटातच असे. कोनामीचा 'कॉन्ट्रा' घ्या. १९८८च्या जपानी कॅसेटमध्ये जादा चिप आहे, म्हणून जंगलातली झाडं डोलतात, बर्फाच्या लेव्हलला खरोखर बर्फ पडतो. अमेरिकी कॅसेटमध्ये झाडं गप्प उभी. 'आकुमाजो देन्सेत्सु'ने (१९८९) तर आवाजाच्या तीन वाटा स्वतःबरोबर आणल्या. फॅमिकॉम कॅसेटचा आवाज स्वतःच्या आवाजात मिसळून घेतो; अमेरिकी निन्टेन्डोत ती सोय नव्हती. तोच गेम 'कॅसलव्हेनिया ३' होऊन तिकडे गेला आणि त्याचं संगीत रोडावलं.

'कॅसेट' हा शब्दही मला प्रिय आहे. अमेरिकेत कार्ट्रिज म्हणतात. जपानी मुलं 'कासेत्तो' म्हणत आणि आपणही कॅसेटच म्हणत आलो. आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे स्वस्त व्हिडिओ गेम आले, ते बहुतेक फॅमिकॉमचीच नक्कल होते. खाच ६० पिनांची, जपानी मापाची. अमेरिकी यंत्राची ७२. 'कॉन्ट्रा'साठी भांडणाऱ्या मराठी पोरांनी जपानी घाटाची कॅसेटच हाताळली होती.

तर 'ड्रॅगन क्वेस्ट ३'. पहिल्या दोन भागांत खेळ पुढे न्यायला लांबलचक सांकेतिक अक्षरं वहीत उतरवावी लागत. १९८८च्या या तिसऱ्या भागात बॅटरी आली, तिच्या जोरावर सेव्ह टिकतं. बॅटरी संपली की तेही गेलं. न चालणारी कॅसेट म्हणजे नुसतं प्लास्टिक, असं मी नेहमी म्हणत आलो; म्हणून बॅटरी बदलायला घेतली. त्याआधी कॅसेट एकदा लावून पाहिली, तर पडद्यावर कुणाचं तरी चार अक्षरांचं नाव. जपानी अक्षरांचा तक्ता समोर ठेवून मी ते लावलं, आणि सोल्डरिंग आयर्न बाजूला ठेवलं.

खेळाच्या लाखो प्रती निघाल्या. हे सेव्ह मात्र एकच. भावाला द्यायला उत्तर मिळालं, असं क्षणभर वाटलं. पण ते टिकत नाही. बॅटरीला हात लावला नाही, तरी ती एक दिवस स्वतःच संपणार. कॅसेट जशीच्या तशी जपली, तर नाव नक्की जाईल. ते राखायचं असेल, तर सेव्हची नक्कल काढायची, नवी बॅटरी बसवायची आणि नक्कल पुन्हा आत भरायची.

रविवारी भावाला बोलावलं आहे. जुनी बॅटरी निघून नवी बसेपर्यंत ती चार अक्षरं त्याच्याच लॅपटॉपवर राहतील.